आईच्या गुडघ्यांच्या गोळ्या

आई बेळगुंदीला थोरल्या भावाकडे राहायची. मी बेळगावात नोकरीला. दर रविवारी गावी जाताना तिच्या गुडघ्यांसाठी दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या न्यायचे. डॉक्टरांनी त्या पाच दिवसांपुरत्याच लिहून दिल्या होत्या. त्याच चिठ्ठीवर मी दोन वर्षं आणत राहिले. गोळी घेतली की तिला रताळ्याच्या वावरात बसून काम करता येई, आणि ते बघून मला बरं वाटे.

मग तिला छातीच्या खाली, बेंबीच्या वर दुखायला लागलं. "पित्त हाय गं," म्हणायची आणि गार दूध पिऊन आडवी व्हायची. भाकरी अर्धीच खायची. मलाही ते पित्तच वाटलं. मी पित्ताचं औषध आणलं, गुडघ्यांच्या गोळ्यांसोबतच.

रताळी काढायच्या दिवसांत ती वावरात घेरी येऊन पडली. भावाने तिला बेळगावच्या दवाखान्यात आणलं, मी ऑफिसातून थेट तिथं गेले. आठवडाभर तिला शौचाला काळं होत होतं, पण ती कुणाला बोललीच नव्हती. डॉक्टर कन्नड बोलणारे. आईला कन्नड जेमतेम कळे, म्हणून मी दोघांच्या मध्ये उभी राहिले.

जठरात जखम झालीय, त्यातून रक्त जातंय, असं ते म्हणाले. मग विचारलं, दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांनी असं होतं, या कुठल्या गोळ्या घेतात?

आईला विचारायची मला गरज नव्हती, तरी विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"तू आणलीस म्हणू नगंस. मीच दुकानातनं घेतल्या म्हणून सांग. तुला बोलतील."

मी गोळीचं नाव तेवढं सांगितलं. कुणी आणली, ते डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

रक्त चढवलं. दोन दिवस ती बरी होती, रताळ्याच्या किती सऱ्या राहिल्यात काढायच्या, असं भावाला विचारत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्ताची उलटी झाली आणि दुपारच्या आत ती गेली.

बाराव्यानंतर मी भावाला गोठ्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. तो म्हशीला वैरण टाकत होता.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "रिकामी पाकिटं मीच टाकायचो की. मला तरी कुठं कळलं?"

मला रडू आलं. तो उरलेली वैरण टाकत राहिला, माझ्याकडं न बघता.