औषध मारलेले नाकतोडे

पाल दिसली की मी खोली सोडते. न्हाणीघरात दिसली तर अंघोळ सोडते. घरात सगळ्यांना हे माहीत असताना माझ्या धाकट्या दिरानं दिवाळीनंतर पुण्याहून येताना एक काचेची पेटी आणली आणि आमच्या नाशिकच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये टीपॉयवर ठेवली. "वहिनी, पंधराच दिवस सांभाळा," म्हणाला. पेटीत वीतभर लांबीचा, काट्याकाट्यांचा एक सरडा पडला होता. मी सोफ्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

त्याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात, मूळचा ऑस्ट्रेलियातला, ही माहिती दिरानं अभिमानानं दिली. घरी आलेल्या मित्रांना दाखवायला त्यानं तो वर्षापूर्वी मुंबईहून आणला होता. मित्रांचं बघून झालं, मग याचंही बघणं संपलं. खाली रंगीत खडे, वर एक लाल बल्ब, खायला पालकाची पानं आणि दुधात भिजवलेला ब्रेड. वर्षभर एवढंच. पुढचे पाय कमानीसारखे वाकले होते, खालचा जबडा लोंबत होता, आणि दर थोड्या वेळानं त्याच्या सगळ्या अंगातून थरथर जायची. "वाचेलसं वाटत नाही," दीर चहा पिता पिता म्हणाला, "पण वाचला तर घेऊन जातो." मला त्या माणसाचा इतका राग आला की सरड्याची भीती घटकाभर विसरले.

घटकाभरच. मी शिक्षिका, शाळा सकाळची. दुपारी घरी मी आणि सासूबाई. नवरा सातपूरला कंपनीत. दार उघडण्याआधी रोज मी कान लावून उभी राहायची. तो पेटीतून बाहेर आलेला असेल ही एक भीती, आणि मरून पडलेला असेल ही दुसरी. यातली मोठी कोणती हे सुरुवातीला मला सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी बुटांच्या खोक्यात घालून, खोकं स्कूटीच्या पायाशी ठेवून मी त्याला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर गाईम्हशींचे. त्यांनी खोक्यात बराच वेळ पाहिलं. "सरडा आजवर कुणी आणला नव्हता बाई," ते म्हणाले, "पण हे दुखणं ओळखीचं आहे. गाय व्याली की अंगातलं कॅल्शियम उतरतं. थरथरते, उभी राहत नाही. तसंच दिसतंय हे." त्यांनी गाईचंच कॅल्शियम दिलं, थेंबाथेंबानं पाजायला. शिवाय रोज ऊन, तेही काचेतून आलेलं नव्हे, उघडं. आणि खायला जिवंत किडे, त्यांना कॅल्शियमची पावडर लावून. सायबर कॅफेतून मी काही पानं छापून आणली, त्यांतही तेच होतं.

पहिले आठ दिवस नवरा त्याला धरायचा आणि मी लांबून हात करून थेंब सोडायची. मग नवऱ्याची पाळी बदलली आणि धरायला दुसरं कुणी उरलं नाही. ओढणी हाताला गुंडाळून मी पेटीत हात घातला तेव्हा घामानं माझी पाठ भिजली होती. त्याच्या हनुवटीखालची कातडी काळीठिक्कर पडली. तो घाबरला की तसं होतं, हे मी छापील पानांवर वाचलं होतं. म्हणजे तोही मला घाबरला होता. ओढणीतूनही त्याचं अंग कळत होतं, तव्यावरून उतरून थोडा वेळ झालेल्या भाकरीसारखं कोरडं, कोमट. पाच थेंब गेले. मी हात साबणानं तीनदा धुतले आणि मग स्वयंपाकघरात बसून रडले.

किड्यांचा प्रश्न दूधवालीनं सोडवला. ती मखमलाबादच्या बाजूची, घरची द्राक्षबाग. बागेशेजारी गुरांसाठी लावलेल्या घासाच्या तुकड्यातले नाकतोडे ती आमच्या बरणीत भरून दुधाबरोबर आणायची. "ताई, सरड्याची धाव कुंपनापात्तूर म्हंत्यात, ह्यो तर लय लांबून आला की," म्हणून हसायची. सासूबाईंनी जन्मात अंडं शिवलं नव्हतं. पण मी शाळेत असायची, आणि त्याला सकाळी ऊन चढल्यावर खायला लागायचं. चार दिवस त्या नाक मुरडत राहिल्या. पाचव्या दिवशी त्यांनीच बरणीत पावडर टाकली, झाकण लावलं आणि बरणी हलवली. ती पावडर त्यांच्या लेखी 'औषध'. "औषध लावून घातले गं," मी घरात पाऊल टाकताच त्या सांगायच्या. सात खाल्ले, नऊ खाल्ले. आकडा सांगताना आवाज चढायचा.

थंडी वाढली तशी माझी झोप उडाली. दिवसातून दोनदा वीज जायची आणि बल्बाबरोबर त्याची ऊब जायची. मग गरम पाण्याची पिशवी, तिच्यावर टॉवेल, टॉवेलवर तो. दुपारी गच्चीवर उन्हात नेलं की कावळ्यांची भीती. मी हातात छत्री घेऊन कट्ट्यावर बसायची. शेजारच्या बाई विचारायच्या, "बाळाला ऊन देताय का?" पण सहा आठवड्यांनी थरथर थांबली. जबडा मिटायला लागला. एके दुपारी तो वाकड्या पायांवर उभा राहिला आणि गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. मी टाळ्या वाजवल्या आणि त्याच क्षणी मनात पाल चुकचुकली. हा बरा झाला की जाणार. पुन्हा लाल बल्ब, पुन्हा ब्रेड.

जानेवारीत एका दुपारी मी शाळेतून आले तर सासूबाई दारातच उभ्या. "बघ गं, कसंतरीच करतोय." तो पेटीत सपाट पसरला होता. तोंड वासलेलं, तोंडातून लाळेची तार, हनुवटी काळी, पाय झटके देत होते. ओट्यावर बरणी रिकामी.

"आई, काय घातलंत?"

"रोजचेच. अगं, आज ती म्हणाली, 'आजी, औषध मारलेलं हाय, आज ऱ्हाऊ द्या.' म्हटलं बरं झालं, तिनंच लावून आणलं. दोनदा नको, म्हणून मी लावलं नाही. तसेच घातले."

माझ्या पाचावर धारण बसली. नाशिकात राहून एवढं कुणालाही कळतं. बागेला औषध मारतात ते फवारणीचं. दूधवालीनं मागाहून सगळं सांगितलं. नाकतोडे आदल्या संध्याकाळी धरून झाल्यावर तिला घरून कळलं होतं, की त्याच दिवशी सकाळी बागेला फवारणी झालीय आणि वाऱ्यानं घासावरही उडालंय. बरणी आमची, म्हणून तशीच भरलेली परत करायला आणली, आणि आज देऊ नका असं बजावून गेली. बजावलं तिच्या भाषेत. ऐकलं आमच्या घरातल्या भाषेत, जिथे औषध म्हणजे पांढरी पावडर.

मी सासूबाईंवर ओरडले. बारा वर्षांत पहिल्यांदा. "कळत नाही तर हात कशाला लावायचा?" हे माझ्या तोंडून गेलेले शब्द. त्या खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली बसल्या. मी त्याला तसाच उचलला. ओढणीबिढणी काही नाही. नळाखाली धरून त्याचं तोंड धुतलं. त्याची नखं माझ्या तळहातात रुतत होती आणि मला बरं वाटत होतं, कारण रुतत होती म्हणजे जीव होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि लगेच सुई भरली. फवारणीचा पाला खाल्लेल्या शेळ्यांना देतात तेच इंजेक्शन, थेंबभर. "संध्याकाळपर्यंत टिकला तर टिकला," म्हणाले.

गच्चीवर उन्हात टॉवेल अंथरून मी त्याच्याजवळ बसले. जिन्यात पावलं वाजली. गुडघ्यांमुळे सासूबाई वर्षभरात गच्चीवर आल्या नव्हत्या. दर दोन पायऱ्यांना थांबत त्या आल्या आणि टॉवेलच्या पलीकडे टेकल्या. मला माफी मागायची होती, पण तोंड उघडलं असतं तर हुंदका आला असता. "माझ्या हातून कधी मुंगी मेली नाही गं," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी धरला. त्याचे पाय अजून कापत होते. मी दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. ऊन टाकीच्या मागे गेलं तेव्हा त्यानं एक डोळा उघडला. हनुवटीचा काळा रंग कडेकडेनं उतरू लागला होता.

त्यानंतर बरणी आणि पावडर सासूबाईंनी कुणालाही शिवू दिली नाही. दूधवालीला दारातच तीन-तीनदा विचारायच्या: कुठले धरले, कधी धरले, वारा कुठला होता. बाई वैतागायची. फेब्रुवारीच्या शेवटी तो चांगला गुबगुबीत झाला होता, आणि दिराचा फोन आला.

"वहिनी, तो सरडा आहे का गेला? नवीन फ्लॅटचा हॉल मोठा आहे. असेल तर पाडव्याला येतो तेव्हा घेऊन जाईन म्हणतो."

दिराचा मोठा आवाज शेजारी बसलेल्या सासूबाईंनाही ऐकू जात होता. सरडा समोर खिडकीत बसून माझ्याकडे बघत होता. हो म्हणवेना, नाही म्हणायचं धाडस होईना. सासूबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रिसीव्हर काढून घेतला. दारावर आलेल्या वर्गणीवाल्यांनाही 'घरात कुणी नाही' असं न सांगता 'आहोत, पण देणार नाही' असं सांगणारी ही बाई.

"गेला रे तो," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या. "माझ्याच हातून गेला. फवारणीचे किडे घातले मी. हो, जानेवारीतच. तुला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही."

रिसीव्हर ठेवून त्या नाकतोड्यांच्या बरणीत पावडर टाकायला लागल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाडव्याला येईल तो. तेव्हा ह्याला कुठं ठेवायचं ते आत्तापासून बघून ठेव."