हरकतबाईंच्या निकालाचं पुढे काय झालं

दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या बाईंना सगळे हरकतबाई म्हणत. हे नाव पाडलं होतं खुद्द डॉक्टरीणबाईंनी. कुणी नंबर सोडून आत घुसू लागला की बाई खुर्चीतून न उठता म्हणायच्या, "माझी हरकत आहे," आणि दाढदुखीने कळवळणारा माणूससुद्धा मुकाट्याने बाकावर जाऊन बसायचा. वाद घालायची ही हौस लहानपणापासूनची. लेकीचं लग्न झालं, घर खायला उठलं, तेव्हा बाईंनी संध्याकाळच्या लॉ कॉलेजात नाव घातलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. या वयात वकिली शिकून कुणाला आत टाकणार आहेस, असं थोरल्या जावेने विचारलंही. सुरुवात तुमच्यापासूनच करीन, असं बाईंनी सांगितलं आणि विषय तिथेच मिटला.

खरी पंचाईत होती ती अभ्यासाच्या साहित्याची. जुने निकाल शोधायची एक महागडी सेवा कॉलेजने घेतली होती, पण ती चालायची फक्त ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर, आणि ग्रंथालय उघडं असायचं नेमकं बाई दवाखान्यात असताना. बाईंनी ग्रंथपाल मॅडमना गाठून गाऱ्हाणं मांडलं. मॅडम म्हणाल्या, त्यात रडण्यासारखं काय आहे. कोर्टं आपले निकाल आपल्याच वेबसाइटवर फुकट ठेवतात. कायदे सरकारच्या साइटवर मिळतात. प्राध्यापकांची व्याख्यानं विद्यापीठांनी कधीच टाकून ठेवली आहेत. फक्त तिथे कुणी ताटात वाढून देत नाही, आपलं आपण शोधावं लागतं.

शोधायला बाई कधीच मागे हटणाऱ्या नव्हत्या. हरवलेला चमचासुद्धा सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. दुपारी पेशंट नसले की काउंटरच्या कॉम्प्युटरवर निकाल उघडायचा आणि वाचत सुटायचं. सुरुवातीला फजितीही झाली. कुठल्याशा साइटवरचं एक कलम घोकून त्यांनी वर्गात धाडधाड म्हणून दाखवलं, तर ते केव्हाच बदललेलं निघालं. तेव्हापासून कलम वाचायचं ते सरकारी साइटवरच, आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली ते बघूनच, असा त्यांनी नेम केला. आतून डॉक्टरीणबाईंनी पुढचा पेशंट मागितला की बाई म्हणायच्या, पाठवते, तेवढा युक्तिवाद संपू दे.

दिवसभर वाचलेलं संध्याकाळी नवऱ्याला सांगायचं, हाही नेमच. नवरा पंख्यांच्या, पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचा. समोर पंख्याची मोटार, हातात तांब्याची तार, तोंड बंद आणि कान उघडे. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं. त्याला कलमांशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला माणसं हवी असायची. बाईंनी "दावा फेटाळला" म्हणून गोष्ट संपवली की तो मान वर न करता विचारायचा, "पुढे काय झालं?" बाई वैतागायच्या. निकाल लागला म्हणजे लागला, पुढे आणखी काय व्हायचंय?

शेवटच्या वर्षाला अभिरूप न्यायालय असायचं. म्हणजे कोर्ट लुटुपुटीचं, पण मार्क खरे. मागच्या खेपेला तिथे उभं राहिल्यावर बाईंची बोबडी वळली होती आणि त्या नापास झाल्या होत्या. कोर्स पुरा करायची मुदत यंदा संपत होती. या वेळी नापास झालं की पदवी कायमची हातची गेली. दवाखान्यात त्यांनी हे कुणाला कळू दिलं नाही.

खटला असा होता. एक बाई भाड्याच्या घरात शिवण शिकवते, आणि घरमालक म्हणतो, हा धंदा झाला, घर खाली कर. हरकतबाईंना भाडेकरणीची बाजू मिळाली. बरंच धुंडाळल्यावर त्यांना एका हायकोर्टाच्या साइटवर अगदी हवा तसा निकाल सापडला. घरी गाणं शिकवणाऱ्या एका बाईला कोर्टाने तिथेच राहू दिलं होतं. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. सगळा युक्तिवाद त्यांनी त्या एका निकालावर उभा केला आणि संध्याकाळी नवऱ्यासमोर म्हणून दाखवला.

"पुढे काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

पुढे काही नाही, गाणंवाली जिंकली, बाई म्हणाल्या.

नवऱ्याचा हात थांबला. "अगं, एवढा भांडकुदळ घरमालक. तो हरला आणि गप्प बसला?"

बाई उठल्या. त्यांनी सर्वात वरच्या कोर्टाची साइट उघडली आणि घरमालकाचं नाव टाकलं. तो गप्प बसला नव्हता. तो अपिलात गेला होता आणि जिंकला होता. बाईंचा निकाल वरच्या कोर्टाने कधीच मोडीत काढला होता. त्यांना रडूच आलं, आणि त्या मनसोक्त रडल्या. नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि हळूच म्हटलं की, त्या बाईला का हरवलं ते तरी वाच.

बाईंनी डोळे पुसून अथपासून इतिपर्यंत वाचलं. गाणंवालीने दारावर पाटी लावली होती, पगारी शिक्षक ठेवले होते, म्हणून ती हरली होती. ती एकटीच शिकवत असती तर गोष्ट वेगळी असती, असं कोर्टाने स्वच्छ लिहिलं होतं. आणि त्यांची शिवणवाली तर एकटीच शिकवत होती. दाराला पाटीही नव्हती. बाईंनी सगळा युक्तिवाद उसवला आणि नव्याने शिवायला घेतला.

न्यायाधीश म्हणून एक निवृत्त न्यायाधीशबाई आल्या होत्या. समोर घरमालकाच्या बाजूने टायवाला, वर्गातला सगळ्यात चटपटीत मुलगा. या वेळी बाईंची बोबडी वळली नाही, कारण त्या युक्तिवाद करतच नव्हत्या, त्या गोष्ट सांगत होत्या. हायकोर्टात गाणंवाली जिंकली, वर हरली, का हरली, आणि आमची शिवणवाली तिच्यासारखी का नाही. टायवाल्याने हुकमाचा पत्ता म्हणून तोच वरचा निकाल राखून ठेवला होता. पत्ता आधीच पडलेला बघून तो गडबडला, मग सावरला आणि छान बोललाही.

शेवटी न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तुमच्या विरुद्ध गेलेला निकाल तुम्ही स्वतःच का सांगितलात?"

"आमच्या घरी गोष्ट अर्धी सोडता येत नाही," बाई म्हणाल्या.

न्यायाधीशबाई हसल्या आणि त्यांनी मार्क लिहिले. पहिला टायवालाच आला. पण बाई पास झाल्या, चांगल्या मार्कांनी पास झाल्या, आणि जिन्यातच त्यांना हुंदका फुटला.

त्या घरी आल्या तेव्हा नवरा मोटारीपुढे बसून होता, पण तार जागची हललेली नव्हती. तो दिवसभर तसाच बसला असावा.

"पुढे काय झालं?" त्याने विचारलं.

बाईंनी सावकाश चपला काढल्या, हातपाय धुतले आणि त्या खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"आधी चहा टाका," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगते."