दोऱ्याच्या वर दोन बोटं

सातपुड्याच्या पायथ्याशी, पहिल्याच रविवारी, नानांनी माझी सॅक जमिनीवर उपडी केली. पावडर, आरसा, जाडजूड चादर बाहेर पडली. "फोटोमा दिसस ते घर ठेव, पोर. उतारमा लागस ते ले." मग माझ्या नव्या बुटांच्या गुळगुळीत तळव्यावरून अंगठा फिरवला आणि मला पायथ्याशीच बसवून ठेवलं. मी रडले. पुढच्या रविवारी दोन मोजे चढवून भावाचे खाचांचे बूट घालून गेले.

नाना मूळचे धुळ्याकडचे. दीपनगरला वीजकेंद्रात उभी हयात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आम्हा रावेरच्या कॉलेजातल्या मुलांना डोंगर चढायला शिकवलं. प्रत्येकाच्या बाटलीला ते मधोमध लाल दोरा बांधत. "पानी दोरावर उनं, का डोंगर सरना!" कुणा एकाचं पाणी दोऱ्याला टेकलं तरी त्या दिवसाचा डोंगर संपला, सगळ्यांनी परतायचं. धोका दिसला तर हेल्परनेही साहेबाला थांबवायचं, ही त्यांची नोकरीतली शिस्त.

एक माथा त्यांना दोनदा हुकला होता. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी ही शेवटची संधी होती. फेब्रुवारीतच ऊन तापलेलं. माथ्यावरचं निशाण दिसत होतं, नानांच्या पिशवीत माथ्यावर फोडायचा नारळ होता, आणि माझं पाणी दोऱ्याला टेकलं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मोठ्यांपुढे तोंड उघडायची सवय नव्हती. बाटली ओढणीखाली धरून वीसेक पावलं चालले. मग ओरडलेच, "नाना, डोंगर सरना!"

"दहा मिनिटं राहिली ना ताई!" मागून एकजण करवादला.

नानांनी माथ्याकडे पाहिलं. गुडघा चोळला. मग हात उंचावून सगळ्यांना उद्देशून गरजले, "बठ्ठा माघारे फिरा! आज मनी पोरनी साहेबले थांबाडं!"

गाडीपाशी पोचलो तेव्हा सगळ्यांत मिळून एक बाटली पाणी उरलं होतं. नारळ नानांनी पिशवीतच ठेवला आणि निघताना माझ्या हातात दिला. "हाऊ वरला शे. तू फोडशी."

तो नारळ घरी सुकून गेला. यंदा जानेवारीत नवा घेऊन मी नऊ मुलींसह त्याच माथ्यावर पोचले. बूट मी तपासले होते, दोरे मीच बांधले होते. निशाणाखालून, आता धुळ्याला राहणाऱ्या नानांना फोन लावला.

"नाना, पोचलो!"

"पानी कोठे शे?"

"दोऱ्याच्या वर, दोन बोटं!"

मग नाना आरोळी ठोकावी तसे म्हणाले, "मंग फोड नारय!"