मोठेबाबा आणि त्यांची चक्कर

सदाभाऊचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या बाजारात कोथिंबीर निवडत होतो. "मोठेबाबा गेले. वावरात..." एवढंच तो बोलला आणि माझ्या तोंडून निघालं, "चक्कर आली का?" माणूस गेल्याचं कळल्यावर आधी हे विचारलं, याची मला आजही लाज वाटते. पण मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि त्यांची चक्कर ही दोन नावं आमच्या इंझोरी गावात कुणी वेगळी घेतच नव्हतं.

त्याच्या दोन वर्षं आधी एका सकाळी ते अंथरुणात कुशीवर वळले आणि अख्खं घर गरगर फिरायला लागलं. "अवं, घर धर!" ते मोठ्या आईवर, म्हणजे त्यांच्या बायकोवर, ओरडले. तिने खरंच धावत जाऊन खांब धरला. मग गावाचं वैद्यक सुरू झालं. कुणी पित्त म्हणालं, कुणी बीपी. शेजारणीने कांदा हुंगवला. मोठ्या आईने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, तर मिरच्यांच्या ठसक्याने ते इतके खोकले की घर आणखी दोन फेरे फिरलं. शेवटी सदाभाऊने, त्यांच्या मुलाने, त्यांना कारंज्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत बारीक कण असतात, ते जागा सोडून भलतीकडे गेले की मान हलवताच गरगरतं. त्यांनी व्यायाम करून दाखवला. पलंगाच्या कडेबाहेर डोकं सोडायचं, अर्धा मिनिट उजवीकडे, मग डावीकडे, मग कूस बदलून हळूच उठायचं. आणि चक्कर आहे तोवर विहिरीकडे एकटं जायचं नाही. हे शेवटचं सोडून मोठेबाबांना सगळं पटलं.

"वावरात नाई गेलो तं मी जगू कायले?"

"विहिरीले कठडा नाई. तुमी पडले तं?" मोठी आई म्हणाली आणि तिने त्यांच्या वहाणा ज्वारीच्या कोठीत लपवल्या.

व्यायामातही विघ्न आलं. पलंगाची मोकळी बाजू नेमकी उत्तरेला. "जित्या मानसाचं डोकं उत्तरेले? काई समजते का त्या डॉक्टरले?" मोठ्या आईने पलंग फिरवायला लावला. डोकं पूर्वेला झालं खरं, पण पूर्वेला दार होतं. त्यामुळे रोज सकाळी मोठेबाबांचं डोकं मिशांसकट उलटं होऊन ओसरीत लोंबायचं आणि येणारेजाणारे खाली बसून त्याच्याशी सोयाबीनच्या भावावर बोलायचे. एकदा नातीला पाहायला पाहुणे आले. "राम राम पाव्हनं! बसा, अजून डावी बाजू बाकी हाय," खालून आवाज आला. मुलाचे आजोबा पाया पडायला वाकले आणि पाय कुठं आहेत ते शोधत राहिले. सोयरीक जुळली. त्या आजोबांनाही चक्करच होती, ते व्यायाम शिकूनच गेले.

गरगरणं थांबलं, पण वहाणा काही मिळेनात. तेव्हा तीस वर्षं टाळलेला विहिरीचा कठडा मोठेबाबांनी आठ दिवसांत बांधून घेतला. मोठी आई स्वतः जाऊन तो हलवून आली, मग कोठीचं झाकण उघडलं. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं ते रोज एकटे वावरात गेले. भाकरी तीच बांधून द्यायची.

मी पोचलो तेव्हा ओसरी भरली होती. "काहून जाऊ देलं एकट्याले?" एक बाई कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मोठी आई कोरड्या डोळ्यांनी बसली होती. तिने फक्त सदाभाऊला जवळ बोलावलं.

"तुले दिसले तवा कसे होते?"

"चिंचेखाली बसले होते. पाठ झाडाले टेकून. भाकर खाऊन झालती..."

"म्हंजे पडले नाई ना?"

"नाई वं माय."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा कुठं मोठ्या आईने पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली.