मल्लूला झोपू देऊ नका!

माझ्या भाच्याचं जावळ माझ्याच मांडीवर निघालं, आणि तेवढं मी पाहिलं नाही. अख्ख्या आळंद तालुक्याला ही गोष्ट ठाऊक आहे. तेव्हा दुसऱ्यांच्या तोंडून मीठमसाला लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐकलेली बरी.

मी यादीचा माणूस. आळंदच्या पेठेत माझं भुसाराचं दुकान आहे आणि याद्यांवाचून माझं पान हलत नाही. पेरणीची यादी, लग्नाची यादी, गावाला जाताना न्यायच्या वस्तूंची यादी. हरवलेल्या याद्यांचीही एक यादी आहे (ती सध्या सापडत नाही).

माझी धाकटी बहीण गंगू निंबर्ग्याला दिलेली. तिचा मुलगा मल्लू. आमच्यात जावळ पहिल्या नाही तर तिसऱ्या वर्षी काढतात, मामाच्या मांडीवर बसवून. ते चुकलं की एकदम पाचव्या वर्षी! पहिल्या वर्षीचा बेत फसला होता. बैलगाडीत मल्लू गाढ झोपला, देवळापाशी मी त्याला उठवलं ("कलम सात: बाळास उठवणे") आणि उठल्या उठल्या तो भीमण्णा न्हाव्याच्या अंगठ्याला असा चावला, की भीमण्णाला महिनाभर कुणाची दाढी करता आली नाही.

आता तिसरं वर्ष संपायला आठ दिवस उरले होते. मल्लूचे केस कमरेला लागत होते आणि त्यांच्या दोन वेण्या घालाव्या लागत.

"अण्णा, आता बघवंना मला," गंगू रडकुंडीला येऊन म्हणाली. "काल कासारीण आल्ती. ह्याचा हात धरून बसली की! म्हणायली, पोरीच्या हातात बांगड्या कामून भरलं न्हाईस?"

तिची सासू, आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणायचो, त्यांनी माझ्याकडे न बघता सुस्कारा सोडला. "मामाला जमंना म्हणल्यावर आनखी दोन वर्सं वेण्या घालायच्या. काय करावं!"

हे मला लागलं. "ह्या बारीला मी बघतो," मी म्हणालो, आणि कागद काढला.

रोगाचं निदान सोपं होतं. पोराची झोपमोड झाली, म्हणून पोर चावलं. तेव्हा वाटेत त्याला झोपूच द्यायचं नाही! हसत खेळत न्यायचं, जावळ काढायचं, मग जेवू घालून झोपवायचं. बैलगाडी नकोच. त्या काळी तालुक्यात मोटारी दोन. एक तहसीलदारांची, ती आम्हाला कोण देतो? दुसरी माझ्या एका अडत्या दोस्ताची. ती मी एका दिवसासाठी मागून आणली, चाँदभाई ड्रायव्हरसकट. वीरभद्राचं देऊळ निंबर्ग्यापासून तीन कोस, म्हणजे अर्ध्या तासाचा रस्ता.

"अर्ध्या तासात काय झोपतो तो!" मी म्हणालो.

"अण्णा," चाँदभाई हँडल फिरवत म्हणाला, "इस मोटार में तो तहसीलदार साब भी सो गए थे. उनकी मोटार खराब थी उस दिन."

मुहूर्त बाराच्या आत होता. मल्लूची झोपेची वेळ अकरा. निघायला आम्हाला बरोब्बर अकराच वाजले, कारण अव्वांची पूजा कुठल्याही यादीत मावत नाही.

मी मल्लूला मांडीवर घेतलं. मोटार हलली, आणि गावाची वेस ओलांडायच्या आत पोराची मान डुगडुगायला लागली!

"कलम एक!" मी ओरडलो. गंगूनं गूळ-शेंगदाणे काढले. एकेक दाणा भरवायचा, तोंड चालू राहिलं की डोळे उघडे राहतात. मल्लूनं तीन दाणे खाल्ले. चौथा गालात ठेवून डोळे मिटले.

"गाणं म्हणा, अव्वा! कलम दोन!"

अव्वांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, गळा साफ केला आणि सुरू केलं, "जो जो जो रे बाळा..."

"अव्वा! पाळणा कामून म्हणायलाव?"

"मग काय पोवाडा म्हणू? सात लेकरं वाढवली, मला एवढंच येतंय!"

आता प्रकरण गंभीर झालं. रस्त्याच्या कडेला एक म्हैस दिसली. (कलम तीन: जनावरे दाखवणे, आवाजासह.) मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पोटातून हंबरलो. मल्लूनं एक डोळा उघडला. मी पुन्हा हंबरलो. मल्लू खुदकन हसला. म्हशीनंही उत्तर दिलं, आणि मोटारीपुढे येऊन उभी राहिली. ती हलेना!

"अब बुलाए तो तुमीच समझाओ उसको," चाँदभाई म्हणाला.

मी खाली उतरून तिला समजावलं. तिनं ऐकलं नाही. पाच मिनिटं गेली, म्हैस गेली, आणि मल्लू पुन्हा पेंगायला लागला. मग ओल्या उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं (कलम चार). त्यानंतर कलम पाच, शेवटचं हत्यार, भोंपू! मल्लूला पुढे घेऊन त्याचे दोन्ही हात त्या रबरी फुग्यावर ठेवले. त्यानं दाबला. पोंऽऽप! पोराचे डोळे बशीएवढे झाले. पोंप! पोंप! पोंऽऽप!

"बघितलाव अव्वा?" मी मागं वळून म्हणालो.

अव्वा पुढं बघत होत्या. पुढं एक तट्टू उधळलं होतं. वरचा माणूस तुरीच्या शेतात पडला होता, आणि रस्ताभर कात्री, वस्तरा, वाटी, दगड असं सामान पसरलं होतं. तो आमच्याच जावळासाठी देवळाकडे निघालेला भीमण्णा होता!

आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला उचललं, धोपटी भरून दिली आणि मोटारीत बसवलं. तट्टू सरळ घरी निघून गेलं होतं. मी पोराला गदागदा हलवतोय, गंगू टाळ्या पिटतेय, अव्वा तोंडावर हात ठेवून पाळणा दाबून धरतायत, हे सगळं भीमण्णा बघत होता. देवळाचं शिखर दिसलं तेव्हा म्हणाला, "अण्णा, एक इचारू का? ह्याला जागं कामून ठेवायलाव?"

"जावळ काढायला!"

"निजलेल्या लेकराचं तर मी चुटकीसरशी काढतो की. कळत बी न्हाई त्याला. मागल्या बारीला निजूनच आल्तं. तुमीच उठवलाव."

गंगूनं माझ्याकडे पाहिलं. अव्वांनी तर पाहिलंच. चाँदभाईनं मान हलवली. "मैं पहलेच बोलने वाला था. पन अण्णा के पास कागद था."

देवळापुढे पोचलो तेव्हा मल्लू झोपेनं कावला होता. वस्तरा बघताच त्यानं असा टाहो फोडला, की कळसावरची कबुतरं उडाली. भीमण्णानं अंगठा मुठीत लपवला. "निजवून आना. जाग्यापनी मी हात लावत न्हाई." बाराला वीस मिनिटं उरली होती.

मी व्यवहारी माणूस. यादी उलटी धरली. "चाँदभाई, देवळाभोवती चक्कर मारा! अव्वा, म्हणा पाळणा!"

मोटार हळूहळू फिरायला लागली. अव्वांनी सूर लावला. मल्लू माझ्या मांडीवर ताठ बसला, डोळे चक्क उघडले आणि म्हणाला, "मामा, म्हैस!"

"आता म्हैस न्हाई बाळा. निजायचं."

"म्हैस!!"

मी हंबरलो. मग पोंप झालं. मग दाणे झाले. मग पुन्हा म्हैस. मोटारीत झोपायचं नसतं, हे मी त्याला अर्ध्या तासात पक्कं शिकवलं होतं! दुसरी चक्कर झाली, तिसरी झाली. दुपारचं ऊन, मोटारीची घरघर, अव्वांचा तो सात लेकरांवर पारखलेला आवाज... यादीच्या काळजीनं मी पहाटेपासून जागा होतो. म्हटलं, क्षणभर डोळे मिटू.

पुढचं गंगूनं सांगितलेलं. माझी मान मागे पडली. मल्लूला ते मुळीच आवडलं नाही. तो माझ्या मांडीवर नीट बसला आणि कामाला लागला. माझ्या तोंडात एक दाणा कोंबला. मी चावला नाही. कानात हंबरला. मी घोरलो. मग त्यानं दोन्ही हातांनी माझ्या पापण्या वर ओढून धरल्या. "मामा, झोपू नको! मामा!"

भीमण्णानं हात दाखवून चाँदभाईला मोटार हळूच देवळासमोर थांबवायला लावली. "कुनी बोलू नका," तो कुजबुजला. "अण्णाला तर अजिबात उठवू नका."

"पाटावर न बसता?" गंगूनं विचारलं.

"मामाची मांडी हाय, समोर देव हाय," अव्वा म्हणाल्या. "आनखी काय पायजे?"

मामाला जागं ठेवण्यात पोर एवढं गुंगलं होतं, की मान तसूभर हलली नाही. गंगूनं पदर पसरला आणि दोन्ही वेण्या त्यात पडल्या.

ओलं उपरणं डोळ्यांना लागलं तेव्हा मी दचकून उठलो. समोर एक गुळगुळीत टकलू माझ्याकडे रागानं बघत होतं.

"हे कुणाचं पोर?" मी विचारलं.

बाराला पाच मिनिटं कमी होती.

त्यानंतर आमच्या घराण्यात चार जावळं झाली, चारही माझ्याच मांडीवर. यादी मात्र आता गंगू करते. तिच्यात एकच कलम असतं: अण्णाला अकराला मोटारीत घालून निजवणे.