अ‍ॅव्हरेज आणि दरीत गेलेल्या कुंड्या

हरसूलच्या बाजारात त्या दिवशी माझा मसाला भराभर खपत होता, तरी मला एका जागी बसवत नव्हतं. शेजारी कुंड्यावाली रिकाम्या पोत्यावर बसून होती. तिच्याकडे विकायला काहीच उरलं नव्हतं.

आम्ही तिघी नाशिकहून एकाच टेम्पोने बाजाराला जातो. तिसरी माझी शेजारीण, ती गाऊन विकते. सकाळी घाटात समोरून बस आली. ड्रायव्हरने टेम्पो कडेला घेतला आणि मागचं चाक चिखलात खचून दरीकडे सरकायला लागलं. मागचं वजन काढा म्हणून तो ओरडला. मागे फाळक्याजवळ कुंड्या होत्या. पहिली तिनेच ढकलली, मग आम्ही दोघींनी हात लावला. एकही वाचली नाही. टेम्पो मात्र रस्त्यावर आला.

मी मालविम्याच्या कचेरीत नोकरी केली आहे. अ‍ॅव्हरेज हा शब्द आपण स्कूटरला आणि मुलांच्या मार्कांना लावतो. तिथे कळलं की तो बंदरांतून आलाय. मूळ बहुधा अरबी, अर्थ खराब झालेला माल. वादळात जहाज वाचवायला कुणाचा तरी माल समुद्रात टाकावा लागे. मग ज्यांचा वाचला ते आणि ज्याचा गेला तो, सगळे मिळून नुकसान वाटून घेत. या वाटणीवरूनच पुढे सरासरी हा अर्थ आला. जहाजावरच्या मालाला हा नियम आजही लागतो.

जेवताना मी हे सगळं सांगितलं आणि कुंड्यांचं नुकसान तिघींत वाटून घेऊ म्हटलं. शेजारणीने विचारलं, "वहिनी, इथे कुठाय समुद्र?"

"दरी होती ना. तुझे गाऊन कुठे असते आत्ता?"

कुंड्यावालीच अडून बसली.

"मला नको कुनाचं, ताई. माझ्या हातानं टाकल्या मी."

"नुकसानात तुझाही वाटा धरलाय. फुकट कोणी देत नाही."

हे मात्र तिला पटलं. शेजारणीनेही तोंड वाकडं करून आपला वाटा दिला.

पुढच्या बाजाराला टेम्पो कुंड्यावालीनेच भरला. कुंड्या आत, केबिनला टेकून. फाळक्याजवळ माझी मसाल्याची पोती.

"हलकी हायेत," ती म्हणाली. "टाकायला बरी."

मी ती हलवली नाहीत. घाट संपेपर्यंत मागे वळून बघत मात्र होते.