चंद्रीचा पान्हा आणि घरतबाईंचं सॉल्ट

किस्से ओल्या मिठासारखे असतात. चिमूटभर घ्यायला बरणीत बोटं घालावीत, तर अख्खा गोळाच हाताला येतो. आमच्या स्टाफरूममध्ये अशा कितीतरी बरण्या आहेत. सध्या वर आहे तो भोईरभाऊंच्या म्हशीचा गोळा, तेवढाच काढतो.

भोईरभाऊ आमचे क्लार्क. शाळा मुरबाडच्या पुढं, घाटाच्या अंगाला. थंडीत पहाटे हात असे गारठतात, की स्वतःचाच कान धरला तरी कुणीतरी दुसऱ्याने पकडल्यासारखा वाटतो! त्यात कमळावहिनी लेकीच्या बाळंतपणाला आसनगावला गेल्या आणि चंद्री म्हैस भाऊंच्या हाती आली. गार हात सडाला लागला, की ती पान्हा चोरायची आणि वर लाथ झाडायची. दूध रोज कमी. असंच चाललं तर वहिनी येईपर्यंत म्हैस आटणार, या धास्तीने भाऊ खुर्चीला टेकत नव्हते. वहिनींचा रोज फोन. पहिला प्रश्न, चंद्री कशी आहे. दुसरा प्रश्न नसायचाच.

हात शेकोटीवर शेकले तर धुराच्या वासाने चंद्री जवळ येऊ देईना. गरम पाण्यात बुडवले तर गोठ्यात पोचेस्तोवर पुन्हा गार.

*

विज्ञानाच्या घरतबाई म्हणाल्या, सोपं आहे. काही सॉल्ट पाण्यात विरघळताना उष्णता सोडतात. पिशवीत सॉल्ट, पिशवीत पाणी, हातात धरायचं.

पुढचं ऐकायला भाऊ थांबले नाहीत. ते घरी गेले आणि पहाटे जाडं मीठ पाण्यात कालवून पिशवी दाबत बसले. पिशवी गळकी. हात गरम व्हायचे सोडून खारट झाले.

शाळेत आल्यावर आम्ही विचारलं, जमलं का?

भाऊ म्हणाले, "दूध नाय दिलं. पण हात कोपरापत्तूर चाटून साफ केले."

*

बाईंनी मग समजावलं, की केमिस्ट्रीतलं सॉल्ट म्हणजे नुसतं जेवणातलं मीठ नव्हे, पुष्कळ क्षार असतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. हे हेडसरांनी अर्धवट ऐकलं. ते भातशेतीवाले, घरात युरिया पडलेला. पांढरा दाणा, पाण्यात झटक्यात विरघळतो, आणखी काय पाहिजे! स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर त्यांनी जाड पिशवीत युरिया आणि पाणी भरलं, मुठीत धरलं आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने डोळे उघडले, मूठ काही उघडेना. युरिया विरघळताना उष्णता सोडत नाही, उलट ओढून घेतो.

बाईंनी ती पिशवी गोठ्याकडे न्यायला सक्त मनाई केली. चंद्रीने युरिया चाटला तर दुधाचं सोडा, म्हैसच जाईल. हेडसर मात्र हरले नाहीत. म्हणाले, "बाई, हे एप्रिलसाठी ठेवा."

*

खरा माल लॅबमध्ये होता, कॅल्शियम क्लोराइड. बाईंनी मोठ्या थाटात कपाट उघडलं, बाटली काढली, आणि आत पाणी! झाकण सैल राहिलेलं. त्या क्षाराने पावसाळाभर हवेतली ओल पिऊन पिऊन स्वतःचंच सरबत केलं होतं.

"गेलं," बाई म्हणाल्या. "ह्याने आपली ऊब श्रावणातच खर्च केली."

इकडे भाऊंची किटली तळ गाठत होती. स्टाफरूमला दूध त्यांच्याकडचंच, त्यामुळे आता चहाही कोरा. तेव्हा कुठे हा प्रश्न सगळ्या स्टाफचा झाला, आणि कल्याणहून नवी सीलबंद बाटली आली.

*

बाईंनी दोन पिशव्यांची पुडी बनवली. बाहेरच्या जाड पिशवीत दाणे, आतल्या पातळ पिशवीत पाणी. दाबलं की आतली फुटते आणि पुडी तापते. दाणे किती, पाणी किती, हे त्यांनी थर्मामीटर लावून ठरवलं. पण भाऊंना धीर कुठला? चमचाभराने ऊब येते तर मूठभराने वसंत ऋतूच येईल, असा हिशेब करून त्यांनी गुपचूप दाणे वाढवले.

तव्यावरची भाकरी या हातातून त्या हातात नाचवावी तसे भाऊ पुडी नाचवत व्हरांड्यातून पळाले. बाई मागून ओरडत होत्या की खाली टाका. ते ओरडत होते, "खाली कशी टाकू, फुटल ना!"

शेवटी बाईंनीच मापाने पुड्या भरून दिल्या. दुसऱ्या दिवशी भाऊ आले ते किटली भरून. चंद्रीने पान्हा सोडला होता. त्या दिवशी आम्ही चहात पाणी घातलंच नाही!

*

वहिनी परत आल्या. चंद्री आटली नव्हती, भाऊ ताठ मानेने फिरत होते. पहाटे वहिनी हौसेने धारेला बसल्या, त्यांनी सडाला हात लावला आणि चंद्रीने सणसणीत लाथ झाडली. तिला आता गरम हाताची सवय!

मग वहिनींना सगळा इतिहास कळला. बाईंचं सॉल्ट, हेडसरांचा युरिया, कल्याणची बाटली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्सं हिवाळ्यात गार पाण्यात भांडी घासते मी. तवा कुठं व्हता तुमचा सॉल्ट?"

एवढंच. नंतर बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ थेट लॅबमध्ये. बाईंना म्हणाले, आजपासून दोन पुड्या लागतील. बाईंनी विचारलं, "एक चंद्रीसाठी. दुसरी?"

भाऊंनी दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला.

"दुसरी जरा जास्त टिकणारी भरा, बाई. चंद्री लाथ मारून मोकळी तरी होते."